बुरुलचाचं नाक

अट-बाशी या डोंगरातल्या गावी दवाखान्यात दात धरून आलेला माणूस आधी विचारायचा, "बुरुलचा एजे, आपल्या ताई, आहेत ना?" एकतीस वर्षं ही दातांची डॉक्टर दाताच्या मुळात कागदाची बारीक वात सरकवायची, बाहेर काढून नाकाशी न्यायची आणि आत जंतू उरलेत की नाही ते सांगायची. शहरातल्या तपासणीला सहा दिवस लागत. तिला एक श्वास पुरायचा.

फेब्रुवारीच्या तापात ते नाक मेलं. चुलीवरचं दूध करपलं, तेही तिला धूर डोळ्यांत गेल्यावर कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. येईल परत, म्हणाली मनाशी.

जूनमध्ये एसेनगुल मेंढपाळ खुर्चीत येऊन बसला. बाहेर त्याचा ट्रक तंबूच्या सामानानं भरून उभा होता.

"लवकर बुजवा एजे. मेंढ्या पुढं गेल्यात आणि बायको ट्रकात बसून माझा उद्धार करतेय."

"दुखतंय का?"

"चार दिवस गप आहे."

गप बसलेला दात तिला कधीच आवडला नव्हता. वरच्या कुरणात तीन महिने डॉक्टर नाही. आत घाण कोंडली, तर सूज जबड्यातून गळ्यात उतरते. असा एक जण घोड्यावर आडवा घालून आणलेला तिनं पाहिला होता. उशीर झाला होता.

तिनं वात घातली, मिनिटभर ठेवली, नाकाशी नेली. काहीच नाही.

"नमुना शहरात पाठवते. सहा दिवस थांब."

"मेंढ्या थांबतील होय दातासाठी?" एसेनगुल हसला. "आणि तुमचं नाक काय संपावर गेलंय? अख्खा तालुका त्याच्या भरवशावर हाडं चघळतो."

बुरुलचाचे कान तापले.

"साफ आहे," ती म्हणाली, आणि तिनं मूळ भरून टाकलं.

ट्रक गेला. तासाभरानं नर्स मेरीम ट्रे उचलायला आली, वातीवर वाकली आणि तिनं नाकाला बाही लावली.

"एजे, एवढं नासलेलं असताना बुजवलंत?"

बुरुलचानं एसेनगुलला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ट्रक खिंडीपलीकडं उतरला होता, तिथं रेंज नव्हती.

"वर जाणारं अजून कुणी आहे?"

"तेच शेवटचे होते."

बुरुलचा रुग्णाच्या खुर्चीत बसली. "मला वास येत नाही, मेरीम. फेब्रुवारीपासून."

मेरीमनं ट्रे खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "माझ्या आईचा दात तुम्ही मार्चात भरलात."