अकोल्याचा नेव्हीवाला

"भेता काहून वैनी? मी आहो ना!" असं म्हणत तो शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारायचा. मग काम कोणतंही असो. माझ्या सासूबाईंना दवाखान्यात नेणं असो, की कौलांवरची माकडं हाकलणं. अकोल्यात त्याच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत होती. मी नुकती लग्न होऊन आलेली. तो वकीलसाहेबांचा एकुलता एक मुलगा, नौदलात अधिकारी.

सुटीवर आला की गल्लीतल्या बायका विचारायच्या, "समुद्र केवढा असते रे?"

"इथून थेट शेगावलोक पाणीच पाणी धरा काकू. मंग पुन्हा तेवढंच."

मुलगी पाहायला अमरावतीला गेलो, तेव्हा काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, मलाही सोबत घेतलं. मूर्तिजापूरपासून या बहाद्दराचं डोकं एसटीच्या खिडकीबाहेर. मुलीच्या घरी पोचला तो पांढराफटक होऊन. मुलीनं पोह्यांआधी लिंबाचं सरबत आणून दिलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही जहाजावर असता ना?"

"समुद्रात नाही लागत हो," तो ओशाळून म्हणाला, "हे एसटीच लागते मले."

ती खळखळून हसली. मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण आम्ही बायका समजलो की जमलं. वैशाखातला मुहूर्त धरला.

त्याआधी एकाहत्तरचं युद्ध आलं. त्याचं जहाज बुडालं. तार आली, तीत 'बेपत्ता' असा शब्द होता. वकीलसाहेब येणाऱ्या प्रत्येकाला समजावत, "बेपत्ता म्हणजे मृत नव्हे. दोन्हींत फरक आहे." जन्मभर कोर्टात ठणठणीत बोललेला त्यांचा आवाज हे वाक्य पुरं होईपर्यंत टिकत नसे.

ज्या वैशाखात लग्न व्हायचं, त्याच वैशाखात एक खलाशी पत्ता शोधत आला. रत्नागिरीकडचा होता. बुडत्या जहाजातून वाचलेला.

"आत पाणी भरत होतं. साहेब शिडीपाशी उभं राहून एकेकाला वर ढकलत होते. मी म्हटलं, साहेब, चला. तर म्हणाले, तू हो पुढं, मी आलोच."

ओसरीत बसलेल्या काकूंनी विचारलं, "पाणी लय थंड होतं का रे?"

त्यानं मान खाली घातली. "होतं, आई."

बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं. काकू उठून आत गेल्या, शाल घेऊन आल्या आणि त्या पोराच्या अंगावर घातली. तोही घामानं निथळत, ती दोन्ही हातांनी धरून बसून राहिला.

त्या दिवसानंतर वकीलसाहेबांनी 'बेपत्ता' हा शब्द पुन्हा काढला नाही. पुढल्या वर्षी काकू आपणहून अमरावतीला गेल्या. "तू लग्न कर, पोरी," म्हणाल्या. तिनं फार दिवस ऐकलं नाही. शेवटी दुसरीकडे ठरलं. लग्नाला आम्ही गेलो. काकूंनी अक्षता टाकल्या, मुलीचा चेहरा ओंजळीत धरून तिला आशीर्वाद दिला आणि माझा हात ओढत मांडवाबाहेर आल्या. तार आल्यापासून त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. तिथं भिंतीला टेकून त्या रडल्या.

"आता त्याची वाट पाहाणारी मी एकलीच राह्यली वं."

आत पंगत बसत होती. कुणीतरी आम्हाला जेवायला हाका मारत होतं.