चौथी सीट

खासगी विमानाने जायचं तर सामान मऊ पिशवीत भरा आणि आपलं वजन खरं सांगा, असं पायलटने आम्हाला आधीच बजावलं होतं. निघालो तिघंच: भाऊ, आत्या आणि मी. तिघांनी प्रवासाला निघू नये, म्हणून आत्याने चौथ्या, रिकाम्या सीटवर चौथा सोबती म्हणून एक खडा ठेवला.

“आत्या, विमानात कसला खडा?” भाऊ म्हणाला.

“विमान असलं तरी घरची माणसं तिघंच ना?”

पायलट हसला नाही. “सुटं काही नको,” म्हणत त्याने खड्यावरून पट्टा बांधला.

ढगांत शिरल्यावर माझी नजर सारखी तिकडेच जात होती. नसलेल्या माणसाला जागा दिली, की तो येऊन बसत असेल का?

उतरताना खडा घ्यायला वळले. खडा नव्हता. पट्टा सुटलेला होता, आणि सीट अजून कोमट होती.