तांडेलाचा पाइप

ही गोष्ट आमच्या हिलाही ठाऊक नाही. आणि हिला ठाऊक नसलेलं माझं दुसरं काहीही शिल्लक नाही — लग्नाआधीचं जे काही होतं ते पहिल्या दिवाळसणाच्या आत हिने गोड बोलून काढून घेतलं होतं. ही एक गोष्ट मात्र राहिली. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? — तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात, म्हणून असेल.

आधी माझं वेड सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. ऐंशीच्या दशकात मी बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. भाड्याची खोली, शिफ्टची बस, रविवारचा बाजार. आणि नाद एकच — लोकांनी ओढून ओढून टाकून दिलेले जुने पाइप मिळवायचे आणि ते नव्यासारखे करायचे. हो, तंबाखूचे पाइप. साहेबलोक तोंडात धरून बोलायचे ना, ते. हसताय? हसा. आमची हीसुद्धा हसायची. पण शेजारचे जेव्हा पत्ते कुटत बसायचे तेव्हा मी ओट्यावर पाइप घासत असे, आणि माझ्याइतका सुखी माणूस त्या चाळीत दुसरा नव्हता.

पाइप मिळायचेही भरपूर. जवळचं अणुवीजकेंद्र उभं राहत होतं तेव्हा परदेशी इंजिनियर येऊन राहिले होते, त्यांचं बरंच सामान मागे राहिलं. शिवाय चिकूच्या वाड्यांमधले पारशी म्हातारे होतेच. असं काही हाती लागलं की स्टेशनजवळचा भंगारवाला निरोप धाडायचा, "भाईसाब, आपका माल आया है," आणि मी चपला घालायचं विसरून धावायचो. तंबाखू भरायच्या वाटीच्या आतली काजळी खरवडायची. मग आत मीठ आणि स्पिरिट भरून ठेवायचं — जुन्या तंबाखूचा वास मुळापासून निघतो. तोंडात धरायची काळ्या कडक रबराची दांडी हिरवट पडलेली असते, ती पॉलिशपेपरने घासायची, वर्कशॉपमधल्या बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, मेण लावून फिरवायची. लाकडातल्या रेषा वर यायला लागल्या की मी गायला लागायचो. मी स्वतः ओढत मात्र नव्हतो. तसा शब्द दिला होता हिला, कारण तंबाखूच्या वासाने हिचं डोकं चढायचं.

तर — हरेश्वर. आमच्या खात्यातला हेल्पर, समुद्रकाठच्या घिवली गावचा. त्याचे वडील नारायणबाबा बोटीचे तांडेल होते. समुद्रात बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. एका परदेशी साहेबाला ते रविवारी बोटीतून फिरवून आणत, आणि जाताना साहेबाने त्यांना आपला पाइप दिला. बाबांनी त्यात विडीचा तंबाखू चुरून भरायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत तो पाइप तोंडातून काढला नाही. ते गेल्यावर वर्षभराने हरेश्वरने तो रुमालात बांधून माझ्याकडे आणला.

"भाऊ, दांडी ढिली झालीय. तेवढी बसवून द्या."

तेवढी, असं तो म्हणाला होता. मी ऐकलं का? माझ्या हातात पाइप आला की मला कुठे ऐकू येतं? दांडी पाच मिनिटांत बसली. पण वाटीत बोटभर काजळी! दांडीवर दातांचे खड्डे! माझ्यासारख्या माणसाने असा पाइप परत द्यायचा? मी खरवडला, मीठ-स्पिरिट भरलं, दातांचे खड्डे घासून सपाट केले, बफावर फिरवला. साहेबाच्या देशातही असा नवा मिळाला नसता. मी खुशीत हिला दाखवला, हीदेखील म्हणाली, छान झालाय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हरेश्वर जवळ बसला. "जरा लवकर द्या, भाऊ. आय रोज विचारते. तेचा वास घेतल्याबिगर तिला झोप नाय येत. आन बाबाच्या दातांचं वण हायत ना, तेच्यावरनं बोट फिरवीत बसते."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. काय सांगणार होतो त्याला? की तुझ्या आईकडे नवऱ्याचं जेवढं उरलं होतं तेवढं मी मिठाने धुऊन काढलं? सांगायला हवं होतं. तिथेच, त्याच डब्यावर. मी म्हणालो — अजून थोडं काम आहे.

आता ऐका ते काम. मी विडीबंडल घेतलं, विड्या सोलल्या, आणि कारखान्याच्या मागच्या कुंपणाशी बसून नारायणबाबांचा पाइप ओढला. सुट्टी झाली की ओढायचा. पहिल्यांदा ठसका, मग डोळ्यांत पाणी, आणि मग — खोटं कशाला बोलू — मजा. बाबांच्या हातांना असायचा तो बोंबलांचा वास हवा म्हणून सुक्या बोंबलांच्या पिशवीत ठेवला. दांडी गरम पाण्यात मऊ करून दातांखाली दाबली, हिरडी सोलवटली. घरी जाताना मूठभर बडीशेप. हिने विचारलं, अलीकडे बडीशेप फार लागते तुम्हाला?

पाइप दिला आणि सर्वपित्रीला मला घिवलीला जेवायचं बोलावणं आलं. मी गेलो. अंगणात बाबांच्या नावाचं पान मांडलेलं — वडे, खीर, आणि त्यांना आवडायचे म्हणून तळलेले बोंबील. पानाशेजारी पाइप. हरेश्वरने त्यात तंबाखू भरला, वर निखारा ठेवला आणि तो पुठ्ठ्याने वारा घालू लागला. मी बावळटासारखा म्हणालो, एक झुरका घे की, लगेच पेटेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याच्या आई — मी त्यांना काकी म्हणत असे — हसून म्हणाल्या, "आसं कसं चालंल? बाबाला उष्टं द्यायचं काय?"

उष्टं! म्हणून वर्षभर घरातल्या कुणीही त्या पाइपाला तोंड लावलेलं नव्हतं. आणि मी? मी तो आठवडाभर चोखून आणला होता.

आता कावळा काही येत नाही, माझी खात्री झाली. पान असंच वाळणार, आणि कुणीतरी विचारणार, काय चुकलं? मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात माडावरनं कावळा सरळ खाली आला आणि बोंबील घेऊन उडाला! मागच्या वर्षी म्हणे दुपारपर्यंत वाट बघायला लावली होती. "बाबा खूश झाले! पाइप बघून खूश झाले!" एकच गलका. मला मधल्या पाटावर बसवलं, आग्रह करकरून वाढलं. काकींनी पाइप उचलला, डोळे मिटून वास घेतला. "ह्योच," म्हणाल्या. "ह्योच वास." दातांच्या खुणांवर — माझ्या दातांच्या — त्यांनी बोट फिरवलं. आणि मी खीर मागून घेतली.

मग दरवर्षीचंच झालं. भाद्रपद लागला की हरेश्वर पाइप आणून द्यायचा, वर्षभरात वास उतरतो म्हणून मी तो पुन्हा चढवायचो, आणि सर्वपित्रीला घिवलीला ताटावर बसायचो. तिथे हसलो तितका मी आयुष्यात कुठे हसलो नाही. बाबांच्या गोष्टी निघायच्या, वादळातल्या, दारूच्या, साहेबाच्या. काकी पाइप हुंगायच्या आणि सांगायच्या, आज जवळ बसल्यासारखे वाटतात. जवळ बसलेला मी असायचो. त्या बाईने मरेपर्यंत नवरा म्हणून जो वास उराशी धरला तो बाजारातल्या विड्यांचा आणि माझ्या थुंकीचा होता. मनाशी मी म्हणायचो, त्यांच्यासाठीच तर करतो. मलाही ते पटायचं.

एका श्रावणात काकी गेल्या. भाद्रपदात हरेश्वर नेहमीसारखा रुमाल घेऊन आला. "आता वास घेनारं कोन नाय, भाऊ. नुसता पुसून द्या." मी हो म्हणालो. खरंच, आता कुणालाच काही नको होतं. मीठ होतं, स्पिरिट होतं, निदान त्या एका वर्षी तरी बाबांच्या पानाजवळ स्वच्छ पाइप ठेवता आला असता.

मी कुंपणाशी गेलो, विड्या सोलल्या, वाटी दाबून भरली आणि मजेत, अगदी तळापर्यंत ओढली. मग दांडी पुसली आणि पाइप हरेश्वरच्या हातात दिला.