रिकामं मशीन

सुरतेत, डिंडोलीच्या त्या गल्लीत गायत्रीच्या घराचं मशीन कधी बंद नसायचं, आणि याचं गल्लीला फार कौतुक होतं. "बाई आहे की यंत्र," असं शोभाबाई येताजाता म्हणायच्या. शोभाबाई पर्वत पाटियाच्या एका व्यापाऱ्याकडून साड्यांचे गठ्ठे आणून गल्लीतल्या बायकांना वाटत, आणि गायत्री त्या साड्यांना काठाने लेस लावून देई. सकाळी सात ते साडेदहा ती एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवायची. दुपारी मशीन, संध्याकाळी स्वयंपाक, मग सहा वर्षांच्या लेकीचा, गार्गीचा गृहपाठ, पुन्हा मशीन. लोक अशा जगण्याला तारेवरची कसरत म्हणतात. म्हणोत बापडे. डोंबारीण निदान खेळ संपल्यावर खाली उतरते.

पण गल्लीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. रोज दुपारी तास-दीड तास ते मशीन रिकामं चाले. सुई नाही, दोरा नाही, दाबाखाली नुसती एक चिंधी. गायत्रीचा एक पाय मोटरच्या पायडलवर असे आणि मांडीवर, लेसच्या पिशवीआड, अर्थशास्त्राचं पुस्तक उघडं. ती विद्यापीठाची बी.ए. बाहेरून देत होती, शेवटचं वर्ष. शाळेच्या बाईंनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं की जूनपासून पदवी असलेल्याच शिक्षिका राहतील. म्हणजे यंदा सुटली तर नोकरी, नाही तर जन्मभर लेस.

आता हे नाटक कशासाठी, तर नवऱ्यासाठी. कुंदन वाईट माणूस नव्हता. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात तो बारा-बारा तास उभा असे, पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. पण गेल्या एप्रिलमध्ये गायत्री "शाळेत मीटिंग आहे" म्हणून पेपरला गेली आणि नेमका त्याच दुपारी गार्गीला ताप चढला. कुंदन पोरीला खांद्यावर टाकून शाळेत गेला, तर शाळेला कुलूप. तिथून शोधत शोधत तो परीक्षा केंद्राच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. गायत्री बाहेर आली तशी त्याने पोरीला तिच्या हातात दिलं आणि पाठ फिरवून चालू लागला. त्या वर्षीची परीक्षा तिथेच संपली. पुढे श्रावणात घरात खान्देशची देवी कानबाई बसली, तिच्या नैवेद्याचे रोट झाले, सगळे भाऊबंद जमले, आणि विसर्जनाच्या आधी, कानबाईसमोर, सगळ्यांच्या देखत त्याने तिला विचारलं, "आते पुस्तकं बंद ना?"

तिने होकाराची मान हलवली. इतक्या माणसांत दुसरं काय करणार?

"कानबाईनी देखं हां," सासूबाई शांतपणे म्हणाल्या होत्या. पाहिलंय हो देवीने. आणि डिसेंबरमध्ये गायत्रीने गुपचूप फॉर्म भरला. तेव्हापासून पोरीला साधं पडसं झालं तरी देवीचा कोप समजून ती रात्रभर उशाशी बसायची. देवावर तिचा फार विश्वास होता असं नाही, पण शब्द मोडल्याची भीती देवाला विचारून येत नाही.

लूमवर काम करणाऱ्याची झोप उलटी असते, हे सुरतेत कुणालाही विचारा. आवाजात त्याला गाढ झोप लागते आणि शांतता झाली की जाग येते. रातपाळीहून येऊन न्हाणं-जेवण उरकलं, गायत्री शाळेतून आली, की कुंदन पडद्याआड खाटेवर पावणेअकराला आडवा व्हायचा तो पाचपर्यंत. मशीन चालू असलं की फरशी थरथरते, खाट थरथरते, आणि तो घोरत असतो. मशीन थांबलं की दोन मिनिटांत पडद्याआडून प्रश्न येणार, "मशीन काबर बंद करं?" एकदा तिने मोबाईलवर मशीनचा आवाज भरून लावून पाहिला. पाच मिनिटांत तो उठून बसला. फरशी थरथरली नाही ना!

आणि सासूबाई. सरलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलत. जवळजवळ दिवसभर उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसायच्या, तोंड गल्लीकडे. त्यांना माणसं सावल्यांसारखी दिसत, पण सावलीच्या चालीवरून त्या नाव सांगत. गायत्रीला त्यांची पाठ दिसायची आणि त्या पाठीची तिला धास्ती बसली होती. दिवाळीनंतर एका दुपारी, मशीन रिकामं चाललेलं असताना, त्या मान न वळवता म्हणाल्या, "आज मशीन हलकं चाली राहयनं."

"तेल घातलंय आत्याबाई," गायत्री म्हणाली.

"हां. तेल घालेल व्हई," त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये पुस्तक जागचं हललं. गायत्री ते लेसच्या पिशवीत तळाशी ठेवायची, त्या दिवशी ते वरच्या थरात, फडक्यात गुंडाळलेलं मिळालं. म्हणजे सासूबाईंचा हात पिशवीत गेला होता. त्या दिवसापासून गायत्री वाट पाहू लागली, की आज कुंदनला सांगतील, उद्या सांगतील. सरलाबाई काही सांगत नव्हत्या. जेवताना कुंदन आईशी हळू आवाजात बोलला की गायत्रीची भाकरी तव्यावरच करपायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

पहिले चार पेपर निभावले. ते कुंदनच्या दिवसपाळीच्या पंधरवड्यात आले होते. पाचवा, अर्थशास्त्राचा, विद्यापीठाने पुढे ढकलला आणि तो जाऊन पडला रातपाळीत. मंगळवारी दुपारी बारा ते अडीच. कुंदन घरी, खाटेवर. केंद्र उधन्याला. 'शाळेत मीटिंग' हे कारण तर गेल्या वर्षीच खर्ची पडलेलं.

सासूबाईंना विश्वासात घ्यायचं तिच्या मनात एकदा आलं. पण मग ती कानबाईपुढची मान आठवली, तो शांत आवाज आठवला, आणि तिने तो विचार झटकून टाकला. तिथेच तिचं चुकलं.

मंगळवारी सव्वाअकरा वाजता सरलाबाई नेहमीसारख्या दोन घरं सोडून पुष्पाबाईंच्या ओट्यावर गेल्या होत्या. साडेबारापर्यंत त्यांची ती रोजची बैठक; परत आल्या तरी मशीन ऐकून सून कामाला बसलीय असं धरून उंबऱ्याशी टेकतील, असा गायत्रीचा हिशेब होता. गार्गी शोभाबाईंकडे होती. गायत्रीने सुई काढली, दोरा काढला, मोटरचा पट्टा जागेवर आहे ना ते पाहिलं. साड्यांचा गठ्ठा पायाने खाटेखाली सरकवला. मग स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि अलगद पायडलवर ठेवला. मशीन घरघरू लागलं. फरशी थरथरली. पडद्याआड कुंदनने कूस बदलली आणि तो पुन्हा घोरू लागला.

ती बाहेर आली, दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि पुष्पाबाईंच्या ओट्याच्या उलट्या बाजूने गल्लीच्या टोकाला शेअर रिक्षा पकडली. कडी का घातली? सवयीने. दिवसपाळीत घर रिकामं राहिलं की गल्लीतली पोरं चेंडू शोधत आत घुसतात, म्हणून बाहेर पडताना ती नेहमी कडी घालायची. हातानेच घातली, डोक्याला विचारलं नाही.

पहिला प्रश्न तिला येत होता. दुसराही. गुजरातीतून लिहायचं होतं, आणि तिचं गुजराती आता तिच्या मराठीहून सफाईदार झालं होतं. हॉलमध्ये उकाडा मरणाचा. पंखे गरम हवा ढवळत होते. तिसऱ्या प्रश्नाचा आकडा घालायला तिने उत्तरपत्रिकेचं पान उलटलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि हाताचा वास नाकात गेला. मशीनच्या तेलाचा वास.

मोटर अर्धा तास चालली तरी हात लावू देत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती मधूनमधून पाय उचलायची. वरवंटा काही पाय उचलणार नव्हता. आणि तो गठ्ठा! तो तिने खाटेखाली सारला होता, कुंदनच्या पाठीखाली. चाळीस साड्या, सगळं नायलॉनचं कापड, ठिणगी पडली तर राख व्हायच्या आधी वितळून चिकटणारं. तिने पेन टेकवलं. 'मांग एटले', मागणी म्हणजे, एवढं लिहिलं आणि तिला कडी आठवली.

बाहेरून कडी. आत झोपलेला माणूस.

ती स्वतःला समजावू लागली. आत्याबाई साडेबाराला परत येतात. त्या कडी काढतील. पण मग ते चालतं मशीन, आणि समोर डोळे गेलेली म्हातारी. पदर लोंबता. चाचपडत पुढे येणार, हात आधी नेमका पट्ट्यावर पडणार. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे जे व्हायचं ते होऊन अर्धा तास झाला असेल. बाहेर कुठेतरी बंबाची घंटा वाजल्यासारखी वाटली. ती कशाची होती देव जाणे. बाजूच्या मुलीने मान वर केली नाही.

पास व्हायला तीन प्रश्न पूर्ण हवे होते. तिने आणखी चार ओळी लिहिल्या. त्या काय लिहिल्या ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. सव्वा वाजता ती उभी राहिली.

"बेन, हजी तो घणो टाइम छे," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून हळू आवाजात, "एक वार पेपर आप्या पछी पाछा नहीं अवाय, हां?"

एकदा पेपर दिला की परत येता येत नाही, हे गायत्रीला ठाऊक होतं. तिने उत्तरपत्रिका त्यांच्या हातात ठेवली.

रिक्षात तिने एकदाही डोळे मिटले नाहीत. डिंडोलीच्या दिशेला आभाळात धूर दिसतो का ते पाहत होती. कारखान्यांचा धूर होताच, तो रोजच असतो, आणि आज त्यातला कुठला आपला ते तिला कळेना. गल्लीच्या तोंडाशी उतरली तेव्हा सुट्टे पैसे घ्यायचंही भान नव्हतं. ती धावली. गल्ली रोजच्यासारखी होती, दोरीवर कपडे, ओट्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. आणि तिच्या दारातून आवाज येत होता. मशीन चालू होतं.

कडी निघालेली होती.

आत सरलाबाई मशीनवर बसल्या होत्या. पाठ ताठ, पदर कमरेला घट्ट खोचलेला. वरवंटा बाजूला भिंतीशी. त्यांचा सुकलेला पाय पायडलवर होता. दहा-बारा श्वास मोटर चालवायच्या, मग पाय उचलून तेवढ्याच वेळ हाताने चाक फिरवत राहायच्या, म्हणजे मोटरही निवेल आणि फरशीची थरथरही तुटणार नाही. पडद्याआडून कुंदनचं घोरणं येत होतं, एकसारखं.

गायत्री तिथेच फरशीवर बसली.

"उनी का?" सरलाबाई कुजबुजल्या. "इतली लवकर? दगड ठेईसन कोनी जास का, माय? मोटर तापी गयथी."

"आत्याबाई, तुम्हाला..."

"मन्हा डोया गयात, कान नही गयात. रिकामं मशीन माले समजस नही का?" त्यांनी चाक फिरवता फिरवता तिच्या सावलीकडे तोंड केलं. "दिवाळीपासून आयकी राहयनी मी. पुस्तकवर तेल सांडेल व्हतं, ते पुसीसन फडकामा बांधं. तू बोलशी, तू बोलशी, म्हणीसन वाट देखी. तू काही बोलनीच नही."

गायत्रीला रडू आलं. तिने पदर तोंडात कोंबला, कारण आवाज करायचा नव्हता. सहा महिने ती ज्या पाठीला भीत होती, ती पाठ सहा महिने तिच्यासाठी दारात राखण बसली होती. आणि तिला एका शब्दाने विचारायचं सुचलं नव्हतं.

"पेपर संपना?" सरलाबाईंनी विचारलं.

गायत्रीने मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाली, "नाही. अर्धा राहिला. मला वाटलं, आग लागली असेल."

म्हातारीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ काही त्यांना दिसलं नसणार. "किती वाजनात?"

"पावणेदोन."

"मंग अजून येळ शे ना!" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पाय पुन्हा पायडलवर ठेवला, मशीन घरघरलं. "जाय परत. उठ, उठ. रिक्षा कर. मी बठेल शे आठे. तो उठस नही."

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईला कसं सांगायचं, की एकदा हातातून गेलेला कागद परत मिळत नाही? गायत्रीने तोंड उघडलं. सरलाबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पाय थकून कापत होता, आणि त्या हसत होत्या, एखादीने लेकीला परीक्षेला धाडताना हसावं तसं. गायत्रीची छाती झाली नाही.

"जाते," ती म्हणाली. वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला, चपला घातल्या आणि बाहेर पडली. गल्लीच्या टोकाशी बंद दुकानाच्या पायरीवर सावली होती, तिथे ती बसली. अडीच वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही. तिच्या घरातलं मशीन चालू असल्याचं तिला तिथवर ऐकू येत होतं.