आमच्या नणंदबाईंचा दुपारचा योगा

आर्णीत असा एकही माणूस उरलेला नाही, ज्याच्या चालण्यात माझ्या नणंदबाईंनी चूक काढलेली नाही. नवरदेव घोड्यावर बसलेला असला तर तेवढा सुटतो, आणि तोही खाली उतरेपर्यंतच. बाजारात वांगी निवडताना त्यांची नजर वांग्यांवर नसते, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाचांवर असते. एकदा त्यांनी भर बाजारात एका अनोळखी गृहस्थाला थांबवलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमचा उजवा पाय आत पडून राह्यला. असंच चालाल तं टोंगळा जाईन." गुडघ्याचं एवढं ऐकून गृहस्थ पांढराफटक पडला. त्यानं मुकाट्यानं दोन्ही चपला काढून त्यांच्यासमोर ठेवल्या आणि अनवाणीच चालता झाला. लग्नाच्या मांडवातून तो दुसऱ्याच्या चपला घालून आला होता, हे आम्हाला नंतर कळलं. नणंदबाईंना त्याचं काहीच नाही. त्याच्या पाठमोऱ्या पायांकडे बघत मला म्हणाल्या, "पाह्य वहिनी, आता कसा सरळ चालून राह्यला!"

या नजरेवरच त्यांचा डान्स क्लास उभा आहे. लग्नानंतर काही वर्षं त्या नागपूरला होत्या, तिथे शेजारच्या एका बाईंकडे कथ्थक शिकल्या. गावी परतल्यावर सासऱ्यांनी आमच्या घराचा वरचा हॉल लेकीला दिला, तेव्हापासून त्या झोपायला तेवढ्या दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरी जातात. क्लास असा चालतो की रविवारी पार महागावची मुलं बसने येतात आणि आमच्या जिन्यावर चपलांचं दुकान मांडल्यासारखं दिसतं. पण नवीन मुलाला पहिला महिनाभर नाच शिकायला मिळत नाही. फक्त चालायचं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खांदे सैल, मान वर, आणि चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर कठीण गेल्याचा भाव नको. एक वडील चिडून वर आले. "मॅडम, पोरगी वर्षाची होती तवाच चालायले लागली. तुम्ही आता काय नवीन शिकवून राह्यल्या?" नणंदबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यावरून शिकली ना ते, तेच काढून राह्यली." वडील उतरून गेले, आणि जिना उतरताना त्यांचे पाय जरा जपूनच पडत होते.

ताल मोजायची त्यांची रीतही न्यारीच. सगळीकडे पाच-सहा-सात-आठ म्हणतात. नणंदबाईंचं म्हणणं, आकडे म्हटले की पोट्टे पाढे म्हटल्यासारखं नाचतात. म्हणून त्यांनी कापसाचा अख्खा हंगाम आठ मात्रांत बसवला आहे: "पेर, डवर, निंद, खत, फवार, वेच, भर, चाल!" आमच्याकडच्या मुलांना ते बरोबर कळतं. 'पेर'ला हात खाली जातो, 'डवर'ला कोळपं ओढल्यासारखा पाय सरकतो, 'वेच'ला बोटं मिटतात. एका बँकेतल्या साहेबांच्या मुलाला निंदणी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्याचा तिसरा ठोका सारखा चुकायचा. नणंदबाईंनी त्याला रविवारी आमच्या शेतात नेऊन दोन ओळींतलं तण निंदायला लावलं. मुलाचा ताल सुधारला, साहेबांनी मात्र त्याच्या बोटांना आठवडाभर मलम लावलं.

शेवटची रांग हा प्रकार त्यांना मान्यच नाही. "लाजरं लेकरू मांगं ठेवलं तं ते जलमभर मांगंच राह्यते," म्हणून गाणं चालू असतानाच रांगा फिरतात आणि प्रत्येक मूल एकदा तरी पुढे येतं. हॉलमध्ये हे छान दिसतं. एका गावच्या कार्यक्रमात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं, तिथे रांगा फिरता फिरता मागचा मुलगा ट्रॉलीवरून खाली गेला. पडल्यावर रडायचं सोडून तो चाकावर पाय देऊन दुसऱ्या बाजूनं चढला आणि आपल्या मात्रेवर पुढच्या रांगेत हजर झाला. लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या वर्षी त्या गावानं "ते पडायचं" मुद्दाम बसवायला सांगितलं.

पण खरी गोष्ट आहे ती दुपारी दोनच्या बॅचची. मुलांना सोडायला येणाऱ्या आया जिन्यावर बसून राहायच्या, आणि बसल्या बसल्या त्यांचे पाय 'पेर, डवर' करायचे. नणंदबाईंनी ते पाहिलं नसतं तर नवलच. त्यांनी सगळ्यांना दुपारी यायला सांगितलं. आता आमच्याकडे लग्नाच्या वरातीत सुनेनं नाचलं तर चालतं, कारण तेव्हा सगळेच नाचतात. पण घरातलं आटोपून, दार लावून, रोज नाच शिकायला जाते म्हटलं की सासूच्या कपाळावर आठी येतेच. "घरी काय सांगू जी ताई?" असं एकीनं विचारल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "योगा सांग." झालं. दुसऱ्या दिवसापासून बारा-पंधरा सुना काखेत चटई मारून भर रस्त्यानं येऊ लागल्या. त्यात मीही होते, आणि मला तर फक्त जिना चढायचा होता, तरी मी चटई घ्यायचे. गावात आमची वाहवा झाली. चटया मात्र कोपऱ्यात उभ्याच राहायच्या. एकीच्या सासूनं सहा महिन्यांनी विचारलं, "काहून वं, चटईचं प्लास्टिक अजून निघालं नाही?" ती म्हणाली, "जपून वापरतो, आई."

त्या एका तासात काय व्हायचं ते सांगायलाच हवं. घरी ज्यांचा आवाज कुकरच्या शिट्टीपुढे जात नाही अशा बाया तिथे खिदळायच्या. एक सून लग्न होऊन आल्यापासून गावात कुणाशी बोलली नव्हती, सगळे तिला मुकी समजत होते. ती तिसऱ्या दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, तुमचा 'फवार' चुकून राह्यला." मला इतका आनंद झाला की मी पुढचा 'वेच'ही चुकले. खाली बरोब्बर त्याच हॉलखालच्या खोलीत माझ्या सासूबाई, म्हणजे नणंदबाईंच्या आई, दिवाणावर पडलेल्या असायच्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

मग योग दिन आला. मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला आणि आयोजकांनी आमच्या 'महिला योग मंडळा'ला प्रात्यक्षिक करायला बोलावलं. योगातलं आम्हाला शवासन तेवढं येत होतं, तेही न शिकता. सगळ्या म्हणाल्या, ताई, नाही म्हणा. पण नाही म्हटलं तर लोक विचारणार, काहून नाही? नणंदबाईंनी एक रात्र विचार केला आणि सकाळी आमचाच एक नाच इतका मंद करून टाकला की एका मात्रेत चहा उकळावा. कार्यक्रमात त्या स्वतः माइकवर उभ्या राहून गंभीर आवाजात सांगत होत्या, "आता बीजारोपणासन. श्वास घ्या. आता कार्पासचयनासन. श्वास सोडा." आणि आम्ही मागे 'वेच'ची बोटं मिटत होतो. समोरचे एक निवृत्त गुरुजी उठून म्हणाले, "हे आसन कोणत्या ग्रंथात आहे?" नणंदबाई म्हणाल्या, "गुरुजी, हे आपल्या भागातलं आहे." गुरुजी समाधानानं बसले. टाळ्या झाल्या, नारळ मिळाले. आणि मग प्रमुख पाहुण्यांना काय सुचलं कोण जाणे, ते भाषणात म्हणाले की सुनाच का म्हणून, सासवांनीही या वर्गाला गेलं पाहिजे. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्या सासवांनी एकदम माना डोलावल्या.

सोमवारी दोन वाजता त्या आल्या. चटया घेऊन. सगळ्यांच्या पुढे माझ्या सासूबाई, एकेका पायरीवर थांबत. नणंदबाईंनी आपल्या आईला हॉलच्या दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा मी कधी पाहिला नव्हता. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी सासवांना चालायला लावलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही सुना भिंतीला टेकून चटईवर डोळे मिटून बसायचो आणि श्वास मोजायचो. मग एक यायची बंद झाली, मग दुसरी. ती मुकी समजली जाणारीही आली नाही, आणि दिसली तेव्हा नुसती हसून पुढे गेली. नणंदबाईंचं जेवण तुटलं. बाजारात एक माणूस चक्क फेंगडा चालत समोरून गेला आणि त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले. घरी येताना म्हणाल्या, "वहिनी, सासवाईले नाही म्हणता येत नाही, अन् खरं सांगतलं तं सुना घरी बसवतीन. कसंही केलं तरी हा तास गेला. अन् एकदा गेला तं ह्या पोरी पुन्हा निघत नाहीत घरातून."

पण खोटं बोलून गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीत नाही. पुढच्या सोमवारी त्यांनी यायच्या बंद झालेल्या सुनांनाही बोलावणं धाडलं, सगळ्या आल्यावर दार लावलं आणि मधोमध उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आया हो, मी खोटी आहो. इथं योगा कधीच नव्हता. इथं नाच आहे. सुनाईचा काही दोष नाही, योगा सांगा म्हणून मीच सांगतलं. ज्याले आपली सून घरी न्यायची, त्यानं न्यावी." माझ्या शेजारची सून माझा पदर धरून बसली होती.

सासूबाईंनी चटईवर पाय लांब केले. म्हणाल्या, "योगानं पंखा हालते काय वं माय?"

आम्ही सगळ्या मान वर करून हॉलच्या पंख्याकडे बघू लागलो.

"मले आयकू कमी येते. दिसते तं! दुपारी दोन वाजले का खालचा पंखा डुलते, अन् मले भेव वाटते का टकुऱ्यावर येते. दोन वर्सं झाली." बाकीच्या सासवा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "आमची तं पोळ्या लाटता लाटता 'निंद, खत' म्हणते. योगात खत कुठून आलं?" आणि सासूबाई लेकीवर ओरडल्या, "तं मंग समदं माहीत असून आम्ही कायले आलो? आठ दिस झाले, नुसती चालवून राह्यली! शिकव ना!"

त्या दिवशी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये 'पेर, डवर' असा तीसेक बायांचा गलका झाला. कुणाच्या गुडघ्यातून, कुणाच्या बांगड्यांतून आवाज येत होता, आणि ताल कुणाचाच कुणाशी जुळत नव्हता. ती मुकी समजली जाणारी सूनही आली होती, सासूच्या शेजारी उभी राहून तिच्या चुका काढत होती. सगळ्या गेल्यावर मी सासूबाईंना खाली न्यायला गेले, तर त्या लेकीचा खांदा धरून जिन्यात थांबल्या होत्या. मी वरच थबकले. त्या म्हणत होत्या, "आठवीत होती तू. गॅदरिंगमध्ये नाचून राह्यलती, तिथून हाताले धरून आणलतं मी तुले. घरात तुह्या बापाची माय होती, जेठ होते. मले भेव वाटे समद्याईचं." नणंदबाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "पाय सांभाळ माय, खाली पायरी आहे." इतक्या वर्षांत नणंदबाई मला हे कधी बोलल्या नव्हत्या.

गेल्या उन्हाळ्यापासून सासूबाईंना जिना चढवत नाही. दोनची बॅच जोरात आहे, तिला आता सगळं गाव योगाच म्हणतं आणि सगळ्या गावाला ठाऊक आहे. बॅच सुटली की नणंदबाई खाली येतात. सासूबाई दिवाणावर उशीला टेकून बसलेल्या असतात, विचारतात, "आज काय नवीन शिकवलं?" नणंदबाई सांगत नाहीत. त्या पदर खोचतात आणि दिवाणासमोरच्या तेवढ्याशा जागेत, गाणं नाही, ताल नाही, सगळा नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत आईला करून दाखवतात. पन्नाशी ओलांडलेली लेक नाचत असते आणि आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत असते, मध्ये एकदाही डोळे हलवत नाही. मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आलेली असते. मी तशीच मागे फिरून कप ओट्यावर ठेवते.