आईनं फोनवर शेळ्या बोलावल्या

आधी आमच्या साखरा गावच्या सिस्टरबाईंचं सांगतो, मग आईचं. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी त्या दिवशी स्वतःचा मोबाइल आमच्या आईच्या तोंडाशी धरला, म्हणून हे लिहून राहिलो. न्हाईतर सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, लिहायला कशाला बसलो असतो?

मी पुण्याकडं कारखान्यात. दर रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर आईशी बोलायचो. तिचं एकच, ओरडून: "बरं हाय! तू जेवला का?" लांबच्या लेकराला दुखणं सांगायचं न्हाई, ही आमच्याकडची रीतच. पण त्या पावसाळ्यात तिचं "बरं हाय" मला आखूड वाटायला लागलं. मशीनवर लक्ष लागेना. शेवटी सिस्टरबाईंना फोनवर गाठलं. त्या घरी गेल्या, अन् आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आई आणि मी, सगळ्यांना एकाच फोनवर जोडलं.

"मावशी, दम लागतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

"एका दमात वीसपर्यंत मोजा बरं."

"मोजाया आलं असतं तर बँकेत साहेब झाले नसते का मी?"

डॉक्टर हसले. मला हसू येईना.

सिस्टरबाई म्हणाल्या, "मावशी, सांजच्याला शेळ्यांना हाका मारता, तशा मारा. एका दमात."

"शेळ्या हितंच बांधल्यात की! येडी का खुळी तू?"

"मारा तर."

"चांदी ये, कबरी ये, मो..."

तिथंच तुटलं. पुढं नुसता भाता चालल्यावाणी आवाज. मी लहान असताना आई बांधावरून अख्ख्या कळपाची नावं एका दमात घ्यायची. शाळेत बसून मला ऐकू यायची. आता तिसऱ्याच शेळीपाशी, मोरीपाशी, दम सरला.

डॉक्टर आता हसत नव्हते. "सिस्टर, घोट्यावर अंगठा दाबून बघा."

"खड्डा पडला, सर. सूज आहे. अन् वाकळ भिंतीपाशी आहे. बसूनच झोपतात वाटतं."

"हृदयाचं दुखणं दिसतंय. थांबू नका, हिंगोलीला मोठ्या दवाखान्यात न्या."

"मग शेळ्या कोण सोडील?" आई म्हणाली. मग माझा हुंदका तिला ऐकू गेला असावा. "काहून रडून राहिला रे? बरं हाय म्हणलं ना."

फोन कटला.

आमच्या तिकडच्या गोरेगावहून जीप मिळाली का, रस्त्यात काही झालं का, काही कळेना. मी सुट्टी टाकून कारखान्याच्या गेटपाशी उभा. फोन वाजत नव्हता म्हणून भीती, वाजेल म्हणूनही भीती. दिवेलागणीला वाजला. सिस्टरबाईच होत्या, आईबरोबर हिंगोलीला गेलेल्या. "ऑक्सिजन लावलाय. शेळ्या शेजारी बांधल्यात. आत्ताच मला शिवी दिली तुमच्या आईनं."

शिवी द्यायला आईला दम पुरला, तेवढं ऐकलं अन् मी गेटवरून हललो.

आई आता घरी हाय, गोळ्या घेते. शेळ्या थोड्या केल्या. सिस्टरबाई, तुमची लेकरं शिकून लांब जातील. तुम्हीही त्यांना बरं हायच सांगाल. तवर मी गावाकडं परतलेला असेन. तुम्हाला दम लागेल त्या दिवशी फोन तुमच्या तोंडाशी मी धरीन, अन् जीपमध्ये तुमच्याजवळ मीच बसेन.