दुसऱ्या ओळीआधीचा श्वास

"बोलू नका. दुसऱ्या ओळीच्या आधी येतो. ऐका नुसतं."

एवढं सांगून अण्णा समोरच्याचा चष्मा स्वतःच्या हातानं काढायचे, काउंटरवर ठेवायचे आणि तो भलामोठा हेडफोन त्याच्या डोक्यावर बसवायचे, नवरदेवाच्या डोक्यावर फेटा बसवावा तितक्या काळजीनं. मग एक पाऊल मागं सरकून त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. गाण्याची पहिली ओळ संपत आली की हळूच विचारायचे, "आला का श्वास?"

सोलापुरात साखर पेठेकडं जाताना माझं चष्म्याचं दुकान लागतं. मधल्या काही वर्षांत तुम्ही तिथं दुपारचे आला असाल, तर हा प्रसंग तुमच्यावरही गुदरला असेल. नंबर तपासायला आलेला माणूस डोक्यावर हेडफोन घेऊन, चष्म्याविना भिंतीकडं बघत बसलेला, आणि मी हातात फ्रेम धरून त्याचं गाणं संपायची वाट बघतोय. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय नवीन?" मी म्हणायचो, "डोळे तपासले की कान फुकट."

अण्णा आता नाहीत. हेडफोन माझ्याकडं आहे. लोक चष्मे बनवायला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत, असे चष्मे ठेवायचं एक कपाट आहे माझ्याकडं. त्या कपाटाच्या खिळ्याला तो टांगलेला असतो.

पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "कसला चष्मा दाखवू?"

"काडीचा."

"चष्मा काडीचाच असतो की हो."

"तसं न्हाई मालक. काडी पातळ पायजे. एकदम पातळ. ह्याच्याखाली टोचायलीय." आणि त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला हेडफोन बाहेर काढला.

त्या दिवशी दुकानातल्या झाडून सगळ्या फ्रेमा त्यांनी घालून बघितल्या. प्रत्येक फ्रेमवर हेडफोन चढवायचा, मान डावीकडं, उजवीकडं, मग डोळे मिटून काडी टोचतेय का बघायचं. आरशात मात्र एकदाही बघितलं नाही. मी म्हटलं, "दिसतोय कसा तेवढं तरी बघा." ते म्हणाले, "कुणाला दाखवायचाय?" हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी पुढची फ्रेम काढायला वळलो.

अण्णांचं घर पद्मशाली विणकरांचं, घरात तेलुगू. वडिलांचा माग होता. अण्णा मात्र मागावर बसले नाहीत. टॉवेलच्या एका कारखान्यात ते कारकून होते. बसायची जागा मागांच्या हॉलला लागूनच, मधे नुसती लाकडी फळी. त्या खडखडाटात त्यांचा सगळा जन्म गेला. बायको ते नोकरीत असतानाच वारली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली. निवृत्त झाल्यावर हाताशी जे आलं त्यातून त्यांनी हा परदेशी हेडफोन मागवला, फोनला जोडून आवाज वाढवायच्या डबीसकट. पेठेत बोभाटा झाला. कुणी म्हणालं, एवढ्यात मोटारसायकल आली असती. अण्णा म्हणाले, "मोटारसायकलवर बसून जाऊ कुठं?"

मीही कमी नव्हतो. हेडफोन पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बघितलं, तर दोन्ही बाजूंना बाहेरून नुसती जाळी. आतलं गाणं सगळं बाहेर. मी म्हटलं, "अण्णा, फसवलं तुम्हाला. हा पाठीत उघडाच आहे. परत पाठवा."

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "उघड्या पाठीचाच असतोय हा. बंदवाला घातला की डबड्यात डोकं घातल्यागत होतंय. ह्याच्यात आवाज कोंडत न्हाई. बाई खोलीत येऊन बसल्यागत वाटतंय बघा."

बाई म्हणजे गाणारी बाई. एका जुन्या भावगीतावर त्यांचा जीव होता. गाण्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही चाल आठवाल आणि श्वास राहून जाईल.

आमची दोस्ती जमली ती माझ्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरमुळं. चष्म्याच्या बिजागरीतला स्क्रू फिरवायला लागतो तो. हेडफोनचे स्क्रू त्याच मापाचे निघाले आणि अण्णांची दुपार माझ्या दुकानात पडायला लागली. विकत घेतलेली वस्तू आहे तशी वापरायची, हे त्यांना मान्यच नव्हतं. हेडफोन डोकं आवळतो म्हणून तो रोज रात्री ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर चढवून ठेवायचे, पट्टी सैल पडेपर्यंत. कानावरच्या गाद्या मखमलीच्या होत्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात कानाला मखमल म्हणजे शिक्षाच. मग एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला टॉवेल कापून त्यांनी स्वतः दोन गोल गाद्या शिवल्या. चष्म्याची काडी जिथून जाते तिथं बोटभर खाच ठेवली. टाके असे की सुई कुठून आत गेली ते दिसू नये. मी म्हटलं, "परदेशी पाहुण्याला पार सोलापुरी करून टाकलात." ते खूश झाले.

मग आवाजाची दुरुस्ती. गादी काढली की आत आवाजाच्या तबकडीवर फोमची पातळ चकती. ती काढ, लोकरीच्या नमद्याची घाल, नमद्याची नको, पातळ कापडाची घाल. एक बदल केला की तेच गाणं, तीच ओळ आणि माझं डोकं. "आला का?" मला बरेच दिवस काही आलं नाही. मला गाणं ऐकू यायचं, तबला ऐकू यायचा, रस्त्यावरच्या रिक्षाही ऐकू यायच्या. मी मान डोलावून वेळ मारून न्यायचो आणि ते बरोबर ओळखायचे. "न्हाई आला तुम्हाला. असू दे."

आणि एका दुपारी तो आला. पहिली ओळ संपली आणि दुसरी सुरू व्हायच्या आधी माझ्या उजव्या कानाशी एका बाईनं श्वास घेतला. लहानसाच, ओठ उघडून घेतलेला. ती बाई जाऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, पण तिनं श्वास घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी अण्णांकडं बघितलं. त्यांना विचारावं लागलं नाही.

"गाणं सगळ्यांसाठी असतंय मालक," ते म्हणाले. "श्वास जवळ बसलेल्यालाच ऐकू येतोय. आमच्या घरात दुसरा श्वास न्हाई ना."

त्यानंतर मी त्यांची चेष्टा कमी केली. अगदी बंद केली असं नाही.

पुढं हळूहळू तक्रारी सुरू झाल्या. "मालक, आवाज दबलाय." कधी म्हणायचे सोलापूरची धूळ बसली, कधी गाद्या जास्त भरल्या गेल्या. टॉवेलच्या गाद्या उसवून पातळ केल्या. कापडाची चकती काढून टाकली. परत बसवलेली मूळची फोमची चकतीही गेली. दर वेळी दोन दिवस समाधान, मग पुन्हा, "गाणं हाय की, पण बाई लांब गेलीय. भिंतीला टेकून गायलीय." एकदा मला ऐकायला दिला तर मी झटक्यात काढला. आवाज सुईसारखा कानात घुसत होता. मला वाटलं, बिघडवून ठेवला अखेर.

खरं काय ते मला एका रिकाम्या दुपारी कळलं. अण्णा समोरच्या स्टुलावर हेडफोन घालून डोळे मिटून बसले होते. मी इकडं फ्रेमा पुसत होतो. जाळीतून गाणं सगळ्या दुकानात येत होतं. पहिली ओळ संपली, आणि काउंटरच्या अलीकडं बसलेल्या मला तो श्वास स्पष्ट ऐकू आला. पुढची ओळ सुरू झाली. अण्णांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

"न्हाई आला."

तो त्यांच्या कानाला लागून गेला होता.

माझ्या दुकानात रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, काच खराब निघाली, धूसर दिसतंय, बदलून द्या. मी त्याला खुर्चीत बसवतो, तपासतो आणि सांगतो, काच चांगली आहे, तुमचा नंबर वाढलाय. बायाबापड्यांना सांगितलं, भांडायला आलेल्यांना सांगितलं. त्यात कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी अडखळली. या माणसाकडं जे काही होतं ते कानानं ऐकायचं होतं. ते जाणार हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

अण्णांनी हेडफोन काउंटरवर ठेवला आणि हात पुढं केला. "द्या स्क्रू-ड्रायव्हर. आता तबकडीवरची ही आतली जाळी राहिलीय. ती उचकटतो."

ती जाळी निघाली असती तर तबकडी फाटली असती आणि हेडफोन कायमचा गेला असता. मी स्क्रू-ड्रायव्हर मुठीत धरून ठेवला.

"अण्णा, हेडफोन चांगला आहे."

त्यांचा पुढं केलेला हात खाली आला. वर्षानुवर्षं दुपारी त्या स्टुलावर बसून त्यांनी माझं हे वाक्य ऐकलं होतं, त्यातलं पुढचं अर्धंही त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, "तुम्हाला आला व्हय आत्ता? तिथं बसून?"

"आला."

"मागाचं काम हे," ते म्हणाले. "फळीनं काय अडतंय." आणि माझ्याच फडक्यानं हेडफोन पुसायला लागले.

कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. ते घालून अण्णा दुकानात आले तेव्हा मी जोरात बोलायला गेलो, तर म्हणाले, "ओरडू नका, ऐकू येतंय." पण मशीन कानात ठेवून हेडफोन चढवला की कानात शीळ वाजायची. एक तर मशीन, नाहीतर हेडफोन. आठ-पंधरा दिवसांत मशीन खिशात गेलं. मी रागावलो. म्हटलं, "अहो, त्यानं माणसं ऐकू येतात."

"येतात की. माणसं कुठं हायत?"

मला म्हणायचं होतं, मी आहे. पण बाप्ये असं बोलतात का कधी? मी म्हटलं, "चहा घेणार?"

मग आम्ही एक वेगळीच पद्धत पाडली. कुणी ठरवली आठवत नाही. अण्णा स्टुलावर हेडफोन घालून बसायचे, तोंड माझ्याकडं. आता डोळे मिटायचे नाहीत. मी काउंटरच्या अलीकडं काम थांबवून कान द्यायचो. पहिली ओळ संपायची, जाळीतून श्वास बाहेर यायचा आणि मी एक बोट वर करायचो. ते बोट बघून त्यांचा चेहरा असा निवायचा, की आत ऐकू आल्यावरही कधी निवला नसेल. रोज एकदा, फार तर दोनदा. गिऱ्हाईक असलं तर तेही थांबायचं. एक म्हातारी म्हणाली होती, "काय पूजा चाललीया का?"

हे फार दिवस टिकलं नाही. एके दिवशी कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, डाळ जळाली, घरभर धूर झाला आणि शेजारीण दार बडवत राहिली तरी अण्णांना पत्ता नाही. तिनंच हैदराबादला फोन लावला. मुलगी आली ती त्यांना न्यायलाच. तिचंही काही चुकलं नाही.

निघायच्या दिवशी अण्णा दुकानात आले, तोच टॉवेल गुंडाळलेला हेडफोन घेऊन, आवाज वाढवायच्या डबीसकट. गाणं माझ्या फोनमध्ये त्यांनी आधीच टाकून ठेवलं होतं. म्हणाले, "तिथं उघड्या पाठीचा चालायचा न्हाई. घर लहान, नातवाचा अभ्यास. तुमच्याकडं राहू द्या." मुलगी बाहेर रिक्षात थांबली होती. "नान्ना, चला," तिनं वडिलांना हाक मारली. त्यांना ऐकू आली नाही. मी दाराकडं बोट दाखवलं, तेव्हा ते उठले.

त्यानंतर माझी दुपार फार मोठी झाली. मीच फोन करायचो. मुलगी उचलायची, बरे आहेत म्हणायची. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, मग द्यायचा कशाला. आणि एक दिवस त्यांचाच फोन आला.

"मालक, मी बोलायलोय. तुम्ही बोलू नका, मला काय ऐकू येत न्हाई. मी सांगतो." मग त्यांनी सांगितलं. जेवण तिखट असतं. नातू उंच झालाय. गाद्या अधनंमधनं उन्हात घाला, न्हाईतर कुबट वास सुटतो. "एवढंच," असं म्हणून ते थांबले. पण फोन बंद केला नाही. बहुतेक तसाच कानाशी धरून बसले असावेत. मला पंखा ऐकू येत होता, लांब कुठंतरी भांडी वाजत होती, आणि अगदी जवळ त्यांचा श्वास.

असे बरेच फोन आले. बोलणं कमी कमी होत गेलं. शेवटचा आला त्या दुपारी ते फक्त म्हणाले, "मालक, हाय मी." त्यानंतर काही नाही. श्वासाला थोडी घरघर लागली होती. मी काउंटरच्या अलीकडं उभा होतो, समोर स्टूल रिकामं होतं. मी एक बोट वर केलं आणि तिकडून कुणीतरी येऊन फोन बंद करेपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.